हंड्याचा हिशेब

मध्यम आकाराच्या हंड्यात पंधरा लिटर पाणी मावतं. म्हणजे पंधरा किलो वजन, शिवाय भांड्याचं वेगळं. पाच माणसांच्या घराला पिण्याला, स्वयंपाकाला, भांड्यांना, धुण्याला, अंघोळीला कितीही काटकसर केली तरी दिवसाला दहा-बारा हंडे लागतात. नळ घरात नसेल तर हे सगळं पाणी कुणाच्या तरी कमरेवर बसून घरात येतं आणि ती कंबर बहुतेक वेळा घरातल्या बाईची असते. पहाटे नळाला धार येण्याआधी नंबर लावायचा, पाणी आलं की कळशीनं हंडा भरायचा, चुंबळ नीट बसवायची, पदर खोचायचा आणि चालू लागायचं. घरी हंडा रिकामा करून परत येईपर्यंत आपला नंबर शाबूत आहे ना, याचा घोर वाटभर डोक्यात असायचा.

मुंबईच्या उपनगरांतल्या बायकांना हा हिशेब तोंडपाठ होता. महापालिकेच्या सभागृहात मात्र पाण्याचा विचार दशलक्ष गॅलनांत व्हायचा. हंड्यांचा आकडा तिथे कुणी काढत नसे. १९६१ साली गोरेगावातून नुकतीच तिशी ओलांडलेली एक बाई नगरसेविका म्हणून त्या सभागृहात गेली. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला होता, घरी लहान मुलगी होती. तिनं तिथे हंड्याचा हिशेब मांडायला सुरुवात केली आणि पुढची पन्नास वर्षं तो सोडला नाही. लोकांनी तिला ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिलं. मृणाल गोरे यांच्याबद्दल बोलायचं तर त्या नावापासूनच सुरुवात करावी लागते. पण तिथेच थांबलं तर त्यांच्यावर अन्याय होईल.

जोडीदार

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचं आडनाव मोहिले. अभ्यासात हुशार असलेली ही मुलगी डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली होती. त्या काळी मुलीनं डॉक्टरकीला जाणं ही घराण्यानं मिरवावी अशी गोष्ट होती. पण बेचाळीसच्या चळवळीनं तापलेल्या त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या तरुण मुलामुलींना आणखी एक शाळा खुणावत होती. ती म्हणजे राष्ट्र सेवा दल. एस. एम. जोशी, साने गुरुजी यांच्या सहवासात घडणारी ही पिढी शाखेत मुलगे-मुली एकत्र खेळायची, वस्त्यांत जायची, जातपात शाखेबाहेर ठेवायची आणि जमेल तेव्हा घरातही ठेवायची नाही. मृणाल मोहिले या वातावरणात आल्या आणि डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून पूर्णवेळ कार्यकर्त्या झाल्या.

इथेच त्यांची गाठ केशव गोरे यांच्याशी पडली. मित्रमंडळींत ते ‘बंडू गोरे’. बेचाळीसच्या लढ्यात उतरलेले, समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते. १९४८ साली दोघांनी लग्न केलं. मुलगी कायस्थ प्रभूंची, मुलगा ब्राह्मण. आज ही गोष्ट विशेष वाटणार नाही, त्या काळी दोन्हीकडच्या नातेवाइकांना ती पचायला वेळ लागे. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली होती. सत्तेच्या घरातून आपण होऊन बाहेर पडलेल्या पक्षाचे दोन कार्यकर्ते संसार मांडत होते. त्या संसारात पैसा फारसा नसणार, हे दोघांनाही लग्नाआधीच ठाऊक होतं.

बिऱ्हाड केलं गोरेगावात. तेव्हाचं गोरेगाव मुंबईत नव्हतं. ग्रामपंचायतीचं गाव होतं ते. पूर्वेला आरे दूध वसाहत उभी राहत होती, पश्चिमेला फिल्मिस्तानसारखा सिनेमाचा स्टुडिओ होता आणि मध्ये शेतं, वाड्या, दलदल. शहरात खोली न मिळालेला गिरणीतला, कारखान्यातला, कचेरीतला माणूस लोकलनं इथवर येऊन राहू लागला होता. गोरे दांपत्यानं या वाढत्या गावात काम सुरू केलं. मृणालताईंनी बायकांपर्यंत कुटुंबनियोजनाची माहिती न्यायला सुरुवात केली. चार-पाच बाळंतपणांनी खंगलेल्या बाईशी तिच्या शरीराबद्दल मोकळेपणानं बोलणारी शिकलेली बाई त्या काळी विरळाच होती. अर्धवट राहिलेलं वैद्यकीय शिक्षण इथे कामी आलं. पुढे त्या ग्रामपंचायतीवरही निवडून गेल्या.

याच काळात त्यांना मुलगी झाली. नवरा-बायको दोघंही चळवळीत, घरात लहान मूल आणि दारात सतत माणसांचा राबता. अशा घरात ‘घर’ आणि ‘काम’ यांच्यामध्ये भिंत बांधणं शक्य नसतं. गोरे दांपत्यानं ती बांधलीच नाही. सभेहून परतल्यावर चूल पेटायची आणि चुलीपाशी बसून पुढच्या सभेचं ठरायचं. बंडू गोरे यांनी बायकोच्या कामाला ‘परवानगी’ दिली, असं त्यांच्याबद्दल लिहिणं हा त्यांचा अपमान ठरेल. ते दोघं एकाच कामाचे जोडीदार होते.

१९५८ साली केशव गोरे गेले. मृणालताई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या.

स्मारक

आपल्याकडे नवरा गेलेल्या तरुण बाईपुढे समाज दोन वाटा ठेवत आला आहे. एक तर तिनं माहेरी किंवा सासरी कुणाच्या तरी आधारानं राहावं, नाहीतर मुलासाठी म्हणून जगावं आणि बाकी सगळं बंद करावं. मृणालताईंनी मुलगी वाढवली आणि काम दुप्पट केलं. पदरी मूल असलेल्या, कमावता नवरा गमावलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल, याचा अंदाज ज्यांनी अशी घरं जवळून पाहिली आहेत त्यांनाच येईल.

नवऱ्याच्या नावानं त्यांनी आणि गोरेगावातल्या सहकाऱ्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला. स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संगमरवरी पाटी, अर्धपुतळा आणि वर्षातून एकदा घातलेला हार येतो. गोरेगावचं स्मारक म्हणजे माणसांनी गजबजलेली जागा झाली. सभा, व्याख्यानं, वर्ग, बायकांच्या बैठका, तक्रार घेऊन आलेली माणसं. मोर्चाचं ठरायचं तेही तिथेच. पुढे पन्नासहून अधिक वर्षं मुंबईच्या उत्तर उपनगरांतल्या कितीतरी चळवळींना हक्काची जागा मिळाली ती या नावाखाली. पतीवरची निष्ठा व्यक्त करायच्या अनेक रीती आपण पुराणांत वाचल्या आहेत. त्याचं अपुरं राहिलेलं काम पत्ता देऊन चालू ठेवणं, ही रीत मला त्या सगळ्यांहून मोठी वाटते.

तलाव शेजारी, नळ कोरडा

१९५७ च्या फेब्रुवारीत बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत वाढली. गोरेगावची ग्रामपंचायत संपली आणि गाव महापालिकेत आलं. पालिकेत आल्यावर कर लागू झाले, रस्त्यांची मोजमापं झाली. पाणी मात्र त्याच वेगानं आलं नाही.

या शहराच्या पाण्याचा इतिहास नकाशासमोर बसून वाचावा. मुंबईला नळाचं पाणी देणारा पहिला मोठा तलाव म्हणजे विहार, १८६० सालचा. त्याच्या मागोमाग १८७९ मध्ये तुळशी आला. हे दोन्ही तलाव उपनगरांच्या कुशीत आहेत. विहार तर आरेच्या डोंगरापलीकडे, गोरेगावपासून हाकेच्या अंतरावर. पुढे १८९२ मध्ये ठाणे जिल्ह्यातून तानसाचं पाणी आलं आणि १९५७ च्या सुमारास वैतरणेचं. या सगळ्या पाण्याची वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे जुन्या शहराकडे जाते. जलवाहिन्या आखल्या गेल्या तेव्हा उपनगरं म्हणजे वाटेतली गावं होती. माणसं मागाहून आली आणि भरमसाट आली. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या साडेएकेचाळीस लाख होती, १९७१ मध्ये ती साठ लाखांच्या घरात गेली. वाढ झाली ती मुख्यतः उपनगरांत, आणि त्यातही चाळी आणि झोपडपट्ट्यांत.

चाळींना पाणी अपुरं होतं. झोपडपट्ट्यांना ते द्यायचंच नाही, असं धोरण होतं. कारभाऱ्यांचा युक्तिवाद सरळ होता. झोपडी बेकायदा आहे, तिथे नळ दिला तर तिला मान्यता दिल्यासारखं होईल. कागदावर हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. त्याचा अर्थ वस्तीत असा व्हायचा की जवळच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, बाबूंच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, त्याच शहराचे रस्ते झाडणाऱ्या माणसांच्या बायकांनी पाणी कुठून तरी मागून, विकत घेऊन किंवा चोरून आणावं. पाण्यापायी सगळ्यात जास्त पैसे तेच मोजत होते ज्यांच्यापाशी ते सगळ्यात कमी होते.

नगरसेविका झालेल्या मृणालताईंनी या युक्तिवादाला दिलेलं उत्तर तितकंच सरळ होतं. माणूस कायदेशीर आहे की बेकायदा हे तहानेला कळत नाही. घराचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, तोवर पाणी थांबू शकत नाही. ही भूमिका त्यांनी सभागृहात मांडली आणि रस्त्यावरही उतरवली. रिकामे हंडे घेऊन बायकांचे मोर्चे पालिकेच्या कचेरीवर जाऊ लागले.

या मोर्चांची रीत नीट पाहिली पाहिजे. मोर्चाला येणारी बाई घरचा हंडाच घेऊन येत होती. तिला भाषण करता येत नसलं तरी चालायचं, निवेदन वाचता येत नसलं तरी चालायचं. हातात जे होतं तेच तिचं निवेदन होतं. मोर्चाची वेळही घरातली कामं उरकण्याच्या हिशेबानं ठरे. मृणालताई वस्तीत जायच्या, कुठला नळ किती वाजता येतो, धार किती, किती घरांमागे एक नळ, हे बायकांच्याच तोंडून टिपून घ्यायच्या आणि तोच आकडा अधिकाऱ्यापुढे ठेवायच्या. खात्याच्या अभियंत्याला जे माहीत नव्हतं ते वस्तीतल्या बाईला माहीत होतं. आपल्याला जे माहीत आहे त्याला किंमत आहे, हा विश्वास त्या बाईला पहिल्यांदा मिळाला. एकेका वस्तीत नळ येत गेले. ‘पाणीवाली बाई’ हे नाव पडलं ते तेव्हाच, आणि ते लोकांनी दिलं.

लाटणं

१९७२ साली मृणालताई मालाड मतदारसंघातून समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून विधानसभेवर निवडून गेल्या. ते वर्ष महाराष्ट्र विसरलेला नाही. पावसानं दगा दिला, जनावरं छावण्यांत गेली, लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला बसली. खेड्यातला दुष्काळ शहरात पोचला तो महागाईच्या रूपानं. रेशनवर मिलो ज्वारी आली, साखर दिसेनाशी झाली, वनस्पती तुपाचे डबे दुकानांतून गायब झाले. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचा भडका उडाला आणि घासलेटच्या रांगा लांबल्या. १९७४ मध्ये देशातल्या महागाईचा दर वीस टक्क्यांच्या वर गेला. पगार तोच आणि डबा अर्धा, अशी घराघरांतली स्थिती.

याच १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट तारा रेड्डी, गोरेगावच्या कमल देसाई. त्या काळी या पक्षांचे पुरुष नेते एकमेकांच्या व्यासपीठावर बसायला तयार नसत. बायका एकत्र आल्या, कारण सगळ्यांच्या स्वयंपाकघरातला रिकामा डबा एकच होता.

मग निघाला लाटणं मोर्चा. लाटणं हे आपल्या घरातलं साधं लाकडी हत्यार. पिढ्यान्पिढ्या बाईच्या हाताचा घाम पिऊन गुळगुळीत झालेलं. मधोमध किंचित जाड, दोन्ही टोकांना निमुळतं, पिठानं पांढुरकं. कणीकच मिळेना तेव्हा ते लाटणं हातात घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. दुसऱ्या हातात थाळी. थाळीवर लाटणं आपटल्याचा तो आवाज सचिवालयाच्या काचांपर्यंत पोचला. मंत्रालयाला तेव्हा सचिवालय म्हणत. काही वेळा वेळ ठरवून घराघरांतून थाळ्या वाजवल्या गेल्या. ज्या बाईला घराबाहेर पडणं शक्य नव्हतं तीही आपल्या खिडकीत उभी राहून या चळवळीत सामील झाली. साठेबाजांच्या गोदामांवर धडका झाल्या, मंत्र्यांना घेराव पडले, घासलेट कुठे अडलं याचे जाब विचारले गेले.

या आंदोलनाकडे काहींनी तेव्हाही ‘बायकांचं आंदोलन’ म्हणून पाहिलं, म्हणजे खरं राजकारण दुसरीकडे चाललेलं आहे अशा समजुतीनं. त्यांची समजूत चुकीची होती. अन्नधान्याचं वाटप, साठेबाजीला असलेलं अभय, घासलेटचा कोटा, भाव कोण ठरवतं आणि कुणासाठी, हे राज्यकारभाराचे गाभ्याचे प्रश्न आहेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकातून ते ज्यांना कळले नसते, त्यांना ते लाटण्यातून कळले. चूल हा आकडेवारीचा मोठा स्रोत आहे, हे मृणालताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. पुढच्या दशकात महाराष्ट्रात स्त्रियांची जी चळवळ उभी राहिली तिच्या पायात या मोर्चांचे दगड आहेत.

कोठडी आणि कौल

१९७५ च्या जूनअखेर आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे नेते रात्रीतून उचलले गेले. मृणालताई भूमिगत झाल्या. ज्यांचा चेहरा अर्ध्या मुंबईला ओळखीचा त्यांनी भूमिगत राहणं सोपं नव्हतं. घरं बदलत, ओळख लपवत त्यांनी सुमारे सहा महिने काम चालू ठेवलं, पत्रकं निघत राहिली, निरोप पोचत राहिले. डिसेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. तुरुंगात काही काळ त्यांना एकांत कोठडीत ठेवण्यात आलं. मनुष्यवस्तीत रमणाऱ्या, दिवसभर माणसांशी बोलणाऱ्या बाईला एकटं पाडणं हीच मोठी शिक्षा होती. ती त्यांनी सोसली आणि माफीचा कागद लिहिला नाही.

१९७७ च्या जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या. मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या. ज्या वस्त्यांत त्यांनी नळ नेले होते त्याच वस्त्यांतून प्रचार झाला, आणि एक घोषणा मुंबईभर दुमदुमली: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा घोषणा खरी ठरली होती. पाणीवाली बाई खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. लाटणं मोर्चातल्या अहिल्या रांगणेकरही त्याच मुंबईतून लोकसभेत पोचल्या.

मोरारजी देसाईंच्या सरकारात त्यांना मंत्रिपद देऊ केलं गेलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. तीस वर्षं विरोधात काढल्यावर पहिल्यांदा सत्ता हाताशी आलेली असताना हा नकार देणं किती अवघड असतं, ते त्या वेळच्या दिल्लीत जे चाललं होतं त्यावरून समजावं. जनता पक्ष पदांच्या भांडणातच फुटला. मृणालताईंचं मन वस्तीतच होतं. लाल दिव्याच्या गाडीतून गोरेगावच्या गल्ल्या दिसत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

आधार, कायदा, घर

ऐंशीच्या दशकात त्यांनी केलेल्या कामाला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही. मला मात्र ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वात टिकाऊ काम वाटतं. १९८३ साली केशव गोरे स्मारकात ‘स्वाधार’ सुरू झालं. मारहाणीला कंटाळून, हुंड्यापायी छळ होऊन, मध्यरात्री मुलं कडेवर घेऊन घराबाहेर पडलेल्या बाईला कुठे जायचं हे कळावं म्हणून हे केंद्र. पोलिस चौकीत तिला ‘घरगुती मामला’ म्हणून परत पाठवलं जाई. स्वाधारमध्ये तिचं ऐकून घेतलं जाई. नवऱ्याला बोलावलं जाई, वकील मिळे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी परत जा किंवा जाऊ नको, हे तिच्यावर कुणी लादत नसे. नळापाशी बायकांच्या रांगेत उभं राहताना मृणालताईंनी ऐकलेल्या गोष्टी फक्त पाण्याच्या नव्हत्या. त्या गोष्टींना स्वाधारमध्ये जागा मिळाली.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या, पुढे काही काळ विरोधी पक्षनेत्याही झाल्या. याच सभागृहात त्यांनी एक असं काम केलं ज्याची फळं आज देशभर आहेत. गर्भजलपरीक्षेनं मुलगी आहे असं कळलं की गर्भ पाडायचा, हा धंदा तेव्हा मुंबईत उघडपणे जाहिराती देऊन चालत होता. स्त्रियांच्या संघटना, डॉक्टर, कार्यकर्ते यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली होती. मृणालताईंनी १९८६ मध्ये विधानसभेत या विषयावर अशासकीय विधेयक मांडलं. विरोधी आमदाराचं अशासकीय विधेयक बहुधा कागदावरच राहतं. या वेळी मात्र सभागृहाबाहेरचा दबाव आणि आतला आवाज एक झाले. १९८८ साली महाराष्ट्र सरकारनं स्वतःच कायदा केला. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला हा पहिला कायदा. त्याच धर्तीवर १९९४ मध्ये संसदेनं देशासाठी कायदा केला. कायद्यातल्या पळवाटा आणि अंमलबजावणीतली ढिलाई यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते रास्त आहे. पण तो कायदाच नसता तर लढायला हाताशी काय उरलं असतं?

तिसरं काम घरांचं. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानुसार शहरातली जादा जमीन सरकारजमा व्हायची आणि ती गरिबांच्या घरांसाठी वापरायची होती. प्रत्यक्षात सवलतींच्या कलमांखाली ती जमीन बिल्डरांच्या हाती सुटत होती. मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली. सभासद कमी उत्पन्नाची माणसं. मागणी अशी की कायद्यात लिहिलं आहे तेच करा. सरकारदरबारी आणि कोर्टात वर्षानुवर्षं झगडून गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या डोंगरउतारावर जमीन मिळाली आणि तिथे सहा हजारांहून अधिक कुटुंबांची वसाहत उभी राहिली. तीही बिल्डर न आणता. मुंबईत असं झालेलं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही. ज्या बाईनं हातात हंडा घेऊन पालिकेचा दरवाजा ठोठावला होता, तिनं आता नळासकट घरं उभी केली होती.

आई

राजकारणातल्या बाईला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलं कोण सांभाळतं? पुरुष पुढाऱ्याला तो कुणी विचारत नाही. मृणालताईंच्या बाबतीत त्याचं उत्तर त्यांच्या आयुष्याच्या शेवटातच आहे. उतारवयात त्या वसईला मुलीच्या घरी राहत होत्या. १७ जुलै २०१२ रोजी, चौऱ्याऐंशी वर्षं पुरी झाल्यावर, त्यांनी जगाचा निरोप घेतला तो वसईतच. आई मोर्चात, आई कचेरीत, आई भूमिगत, आई तुरुंगात, असं पाहत वाढलेल्या मुलीच्या घरात ती आई शेवटी विसावली होती. यापलीकडे त्या दोघींमधलं जे आहे ते त्या दोघींचं.

आपण ‘आदर्श माता’ म्हणून ज्यांचा गौरव करतो त्या बहुधा मुलांसाठी स्वतःला विसरलेल्या बायका असतात. त्यांच्या त्यागाबद्दल मला आदर आहे. पण एका मुलीची आई वस्तीतल्या हजार मुलींच्या पाण्याचा, जन्माचा, छपराचा विचार करते तेव्हा ती आपल्या मुलीला काय देते, याचाही विचार आपण करायला हवा. ज्या शहरात ती मुलगी मोठी होणार आहे ते शहर तिची आई थोडं माणसात आणत असते.

गोरेगावात आज मृणालताई गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. पुलाला नाव दिलं हे चांगलंच झालं. पण त्यांच्या कामाची खरी पावती आणखी एका ठिकाणी आहे. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला. झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा घटनेनं दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं.

हे वाक्य कायद्याच्या भाषेत यायला २०१४ उजाडलं. गोरेगावच्या नळावर ते साठच्या दशकातच बोललं गेलं होतं. पहाटेच्या अंधारात रांगेत उभ्या असलेल्या बायकांमध्ये उभं राहून, त्यांचे हंडे मोजत, मृणालताईंनी ते ऐकून घेतलं होतं. मग आयुष्यभर, जिथे जिथे दरवाजा बंद दिसला तिथे तिथे जाऊन, त्या ते पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.